मिक्सर, ट्रेलर की चाकणची गाडी?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. वय ३६, राहायला शिक्रापूर. लग्नाआधीपासून लाईनवर आहे, सध्या पुणे–चेन्नई चौदा चाकी मारतो. महिन्यात चार-पाच दिवस घरी. मुलगी तिसरीत गेली. बायको म्हणते, आता बास. आईला शुगर आणि बीपी आहे, गोळ्या-तपासण्या सगळ्या खिशातून. आजवर कुठल्याच मालकाने पीएफ भरला नाही.

लोकलला काम बघतोय. तीन ठिकाणी बोलणं झालंय. वाघोलीजवळ आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर मिक्सर, २८ हजार, ओव्हरटाईम वेगळा. न्हावा शेवाला ट्रेलर, मालक ओळखीचा, खेपेवर पैसे. चाळीसच्या पुढे जातील म्हणतो, राहायला उरणला खोली. तिसरं चाकणला. पार्ट बनवणाऱ्या कंपनीचा माल मोठ्या गाडी कंपनीत पोचवायचा, आयशर आहे, १९ हजार ५००, पीएफ, ईएसआय, शिफ्ट ड्युटी. मेहुणा म्हणतो चाकरी सोड, पिकअप घे, डाऊन पेमेंटला मी मदत करतो.

लाईनवर भत्ता धरून ३५ पर्यंत मिळतात. चाकणचं ऐकून मित्र हसले, एवढी वर्षं मोठी गाडी मारून आता आयशर चालवणार का म्हणाले. काय करू? – एक ड्रायव्हर, शिक्रापूर"

भाऊ, नमस्कार.

तुमच्या जागी मी असते तर चाकणची गाडी धरली असती. १९ हजार ५०० ला. मात्र काही गोष्टी आधी कागदावर घेतल्या असत्या, त्या पुढे सांगते. आकडा सगळ्यात लहान असलेलं काम मी का सुचवतेय, हे आधी नीट सांगायला हवं. मित्र हसले आहेत, आणि घरी पगार सांगाल तेव्हा वहिनींच्या कपाळालाही आठी पडेल.

वाहतुकीच्या ऑफिसात बसून मी बरीच वर्षं गाड्या लावल्या. लाईन, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, सोडून लोकलला आलेले कितीतरी ड्रायव्हर पाहिले, आणि त्यातले बरेच जण वर्षभरात परत लाईनवर गेले. अंतर कमी झालं म्हणजे घरी लवकर येऊ, असं प्रत्येकाला वाटत होतं. पण लाईनवर वेळ जातो चालत्या गाडीत, आणि लोकलला तो जातो उभ्या गाडीत. गेटवर, वजनकाट्यावर, साईटवर, माल उतरवायला हमाल येईपर्यंत. म्हणून लोकलचं कुठलंही काम घेताना पगाराच्या आधी एक प्रश्न विचारायचा: गाडी उभी असते तेव्हा माझ्या वेळेचे पैसे कोण देतं? तुमची तिन्ही कामं या एका प्रश्नावर घासून बघा.

ट्रेलरपासून सुरू करते, कारण चाळीस हजार ऐकून मन तिकडेच ओढ घेतं. न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि आज ते देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. काम बारा महिने असतं, यात वाद नाही. बंदरातून डबा उचलायचा, द्रोणागिरीच्या बाजूला एखाद्या सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला) टाकायचा, रिकामा डबा यार्डात सोडायचा. अंतर दहा-वीस किलोमीटरचं. सगळं सुरळीत असेल तर दिवसात तीन-चार खेपा बसतात आणि तेव्हा मालकाचा चाळीसचा हिशेब खरा ठरतो. पण सुरळीत दिवस महिन्यात किती, ते मालक तुम्हाला सांगणार नाही. बंदरात शिरायच्या कागदावर, फॉर्म तेरावर, नंबर चुकला, गाडी बाजूला. डबा स्कॅनिंगला निघाला, गाडी बाजूला. टर्मिनलची सिस्टीम बसली, पावसाने क्रेन थांबली, गेटची लाईन मागे रस्त्यावर आली, की घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) बंद करून स्टेअरिंगवर डोकं टेकायचं. खेपेवर पैसे म्हणजे हे सगळे तास तुमच्या पदरचे. आणि एक खेप बुडाली की माणूस ती रात्री भरून काढायला जातो. दिवसभर रांगेत अर्धवट झोपलेला ड्रायव्हर रात्री भरलेला डबा ओढतो, ही त्या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट.

तिथे काही मालक थांबण्याचे पैसे देतात, ठराविक तासांनंतर हाल्टिंग धरतात. पार्टीकडून हाल्टिंग घेऊन ड्रायव्हरला न देणारेही आहेत. तुमचा मालक ओळखीचा आहे, तर त्याला हे सरळ विचारता येईल. पण त्याने 'देतो' म्हटलं तरी मी तुम्हाला हे काम घ्या म्हणणार नाही. शिक्रापूरहून उरण दीडशे किलोमीटरच्या वर आहे. तुम्ही खोलीवर राहणार आणि आठवड्याने, दोन आठवड्यांनी घरी येणार. लाईन सोडायचं जे कारण तुम्ही पत्रात लिहिलंय, ते तसंच राहतं. ज्याचं घर पनवेल-उलव्याकडे आहे, अशा तरुण पोराला मी हे काम जरूर सांगेन.

मिक्सरचं मात्र सविस्तर बोलू, कारण ती नोकरी वाईट नाही आणि तुमच्या घराजवळ आहे.

काँक्रीटमध्ये पाणी पडलं की घड्याळ सुरू होतं. मानकाप्रमाणे दोन तासांच्या आत ते उतरलं पाहिजे. प्लांटवरून निघताना चलनावर वेळ पडते. तुम्ही वाघोलीच्या ट्रॅफिकमधून खराडीच्या साईटवर पोचता, तर तिथे आधीच दोन मिक्सर उभे, पंप चोक झालेला, पाईप सोडवून पोरं हातोड्याने ठोकताहेत. ड्रम फिरत ठेवायचा, नजर घड्याळावर. माल घट्ट व्हायला लागला की साईटचा माणूस हमखास म्हणतो, "ड्रायव्हर, थोडं पाणी मार." मारायचं नाही. प्लांटच्या माणसाला फोन लावायचा. साईटवाला ऐकतच नसेल तर चलनावर त्याची सही घेऊन 'साईटच्या सांगण्यावरून पाणी घातले' असं लिहून घ्यायचं. नाहीतर उद्या क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) फेल गेला की नाव ड्रायव्हरचं. आणि माल ड्रममध्ये बसला तर तो ब्रेकरने फोडायला आत उतरायला सांगतील, त्यालाही स्पष्ट नाही म्हणायचं. त्या कामाची माणसं वेगळी असतात. ड्रम अचानक फिरू नये याची सोय केल्याशिवाय तेही आत जात नाहीत, जाऊही नये.

चौदा चाकी सरळ रस्त्यावर मारणाऱ्याला मिक्सर सुरुवातीला फसवतो. सहा घनमीटर काँक्रीट म्हणजे जवळपास चौदा-पंधरा टन वजन. तेही उंचावर, आणि ड्रम फिरत असतो तसं एका बाजूला चढलेलं. वळणावर जरा वेग राहिला तरी गाडी कलते. डोक्यावर भरलेली घागर घेऊन पळू नये, तसंच हे. साईटवर तर रस्ताच नसतो. बेसमेंटच्या खड्ड्याच्या कडेने ओल्या मुरुमावर रिव्हर्स घ्यायला लावतात. किलीनर नसतो, मागे बघायला माणूस नसतो. माणूस उभा केल्याशिवाय रिव्हर्स घेणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं लागतं.

थांबण्याचे पैसे इथे पगारात आले, कारण पगार महिन्याचा आहे. पण स्लॅब सुरू झाला की तो मधे थांबवत नाहीत. थांबवला तर जुन्या आणि नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं. त्यामुळे संध्याकाळी सुटणार म्हणून निघालेला ड्रायव्हर पहाटे सुटतो. शहरात गर्दीच्या वेळी मोठ्या गाड्यांना बंदी असते, म्हणून मोठे स्लॅब मुद्दाम रात्री धरतात. कायद्याने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे ४८, आणि जादा तासांना दुप्पट दर. 'ओव्हरटाईम वेगळा' असं तुम्हाला तोंडी सांगितलंय. तो दुप्पट की ठोक शंभर-दोनशे रुपये, हे विचारलंत का? आणि पावसाळ्यात काम कमी झालं की २८ हजार कायम राहतात की 'हजेरीप्रमाणे' होतात? प्लांटवर चहाच्या टपरीपाशी एखाद्या जुन्या ड्रायव्हरला गाठा आणि गेल्या जुलै-ऑगस्टचा हातात आलेला पगार विचारा. ऑफिसात मिळणार नाही ते उत्तर तिथे मिळेल.

एवढं सगळं करून मिक्सरचे २८ हजार खरे निघाले, तर ते चाकणपेक्षा साडेआठ हजारांनी जास्त आहेत. मग चाकण का? तुमच्या आईमुळे, आणि तुम्ही स्वतः ५८ चे व्हाल त्यामुळे.

ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगार मर्यादा २१ हजार आहे. चाकणच्या १९ हजार ५०० ला ती लागू होते, मिक्सरच्या २८ हजारांना होत नाही. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, म्हणजे दीडशेच्या आत, आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात तुम्ही, वहिनी, मुलगी आणि तुमच्यावर अवलंबून असलेली आई, सगळ्यांचे उपचार आणि औषधं. साधे उपचार नोकरी लागल्यापासून मिळतात. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मात्र काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. पिंपरी-चिंचवडला मोहननगरला आणि पुण्यात बिबवेवाडीला ईएसआयची रुग्णालयं आहेत. रांग असते, औषध कधीकधी बाहेरून आणावं लागतं, हे मी लपवत नाही. तरी शुगर-बीपी हा जन्माचा खर्च आहे. आज गोळ्या आणि तपासण्या आहेत, उद्या डोळे, किडनी, काहीही निघू शकतं. एकदा खासगी दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले, की मिक्सरच्या जादा पैशांतलं वर्षभराचं शिल्लक त्यात जातं. ओव्हरटाईममुळे एखाद्या महिन्यात रक्कम २१ हजारांवर गेली तर घाबरू नका, मर्यादा ठरवताना ओव्हरटाईम धरत नाहीत.

दुसरं पीएफचं. पत्रातलं ते एक वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं देशाचा माल इकडून तिकडे नेला आणि तुमच्या नावावर एक रुपया जमा नाही. बेसिक १५ हजार धरला तर तुमचे १,८०० आणि मालकाचे १,८०० दर महिन्याला जमा होतात. मालकाच्या हिश्श्यातले साधारण १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात. दहा वर्षं नोकरी भरली की पेन्शनचा हक्क लागतो आणि ती ५८ व्या वर्षापासून सुरू होते. तुम्ही ३६ चे आहात. आता सुरुवात केली तर वेळ भरपूर आहे, ४८ ला केली तर जेमतेम. मिक्सरवालेही पीएफ भरतात का, तेही विचारून घ्या. तुमच्या पत्रात त्यांच्या पीएफचा उल्लेख नाही, म्हणून मला शंका आहे.

हातात साडेसतराच्या आसपास येतील. पस्तीसवरून एकदम निम्म्यावर, हे खरं आहे. पण त्या पस्तीसातला भत्ता ढाब्यावर, चहा-पाण्यावर, आरटीओच्या नाक्यावर किती गेला आणि घरी किती पोचला, हे वहिनींना विचारा. त्यांना रुपयापर्यंत माहीत असेल. वहिनी एखादं काम धरू शकतात का, हेही आता बोलता येईल, कारण संध्याकाळी मुलीपाशी कुणीतरी असेल.

आता चाकणचं जे चांगलं नाही ते. तिथे माल तासाच्या हिशेबाने लागतो. मोठी कंपनी साठा ठेवत नाही, तुमच्या गाडीतल्या ट्रॉल्या सरळ असेंब्ली लाईनवर जातात. उशीर झाला आणि लाईन थांबली, तर पार्टवाल्या कंपनीला दंड बसतो आणि तो ड्रायव्हरच्या पगारातून काढायचा मोह काहींना होतो. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक तुम्हाला माहीतच आहेत, तिथे गाडी अडकली तर तो तुमचा दोष नव्हे. 'ट्रॅफिकमुळे झालेल्या उशिराची कपात ड्रायव्हरकडून होणार नाही' ही एक ओळ नेमणूकपत्रात घालून घ्या. घालत नसतील तर एचआरच्या माणसाकडून मेसेजवर लिहून घ्या, तेवढंही कामाला येतं.

दुसरी ओळ, तुम्ही कुणाच्या रोलवर? कंपनीच्या की ठेकेदाराच्या? ठेकेदाराच्या असाल तर काम नाकारू नका, पण पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयचा नंबर पहिल्याच महिन्यात हातात घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मोबाईलवर पासबुक उघडून पैसे पडलेत का बघा. पगारातून कापायचे आणि भरायचे नाहीत, हा प्रकार जुना आहे. तिसऱ्या महिन्यात पकडला तर सुटतो, तिसऱ्या वर्षात पकडला तर हेलपाटे.

चलनाचंही बोलून घ्या. सीट बेल्ट, वेग, सिग्नल हे तुमचे. ओव्हरलोडचा दंड मालकाचा, आणि तो छोटा नाही: २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. माल उतरवायची वाराई (हमाली) कोण देतं तेही विचारा. ज्याचा माल त्याचा हमाल, हे आपले वाहतूकदार इतकी वर्षं उगाच सांगत नाहीत.

आणि रस्ता. शिक्रापूर–चाकण रोज बाईकने, त्यातही रात्रपाळी. त्या रस्त्यावर कंटेनरची गर्दी किती असते ते तुम्ही केबिनमधून पाहिलंय. आता तुम्ही खाली असाल, आणि मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला ड्रायव्हरला काहीच दिसत नाही हे तुमच्याइतकं कुणाला कळणार. कंपनीची बस शिक्रापूरकडून येते का, हे मी पगाराइतक्याच आग्रहाने विचारलं असतं. बस नसेल तर निदान रात्रपाळी सलग किती आठवडे, ते ठरवून घ्या.

मेहुण्यांच्या पिकअपबद्दल थोडक्यात. त्यांची भावना चांगली आहे, मन दुखवू नका. पण बांधलेलं काम हातात नसताना गाडी घेऊ नये. हप्ता ठरल्या तारखेला येतो, भाडं येत नाही. विमा, फिटनेस, टायर, बॅटरी हे सगळं धरल्यावर स्टँडवर उभ्या पिकअपचा प्रत्येक दिवस तुमच्या खिशातून जातो. मघाचाच प्रश्न इथे लावा: उभ्या गाडीचे पैसे कोण देतं? तुम्हीच, आणि वर बँकेला व्याज. चाकणला वर्ष-दीड वर्ष काढलंत की कोणत्या कारखान्याला रोज किती पिकअप लागतात आणि पेमेंट किती दिवसांनी होतं, हे आतून कळेल. एखाद्याने महिन्याचं काम लेखी दिलं तर तेव्हा मेहुण्यांकडे जा.

मित्र हसतात त्याचं मनाला लावून घेऊ नका, पण ते तुम्हाला लागलंय हे मला समजतं. अंबूरच्या पुढे रात्री एकट्याने गाडी काढलेल्या माणसाला ट्रॉल्या पोचवायचं काम कमीपणाचं वाटू शकतं. तुमचं हेवीचं लायसन्स कुठेही जात नाही, तुमचा हातही जात नाही. आणि मोठ्या गाडीकडे परत यायचा, घर न सोडता, एक रस्ता आहे, तो आत्ताच डोक्यात ठेवा: पेट्रोल-डिझेलचा टँकर. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याची नोंद लायसन्सवर होते आणि ती तीन वर्षं चालते. नंतर नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी. मराठीबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता आलं पाहिजे, तेवढी तयारी मुलीच्या पुस्तकांवर करता येईल. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला तेलाचं मोठं टर्मिनल आहे आणि तिथल्या गाड्या आसपासच्या पंपांना माल देतात. शिस्त कडक आहे. अर्थिंग लावल्याशिवाय, डिप घेतल्याशिवाय (टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजल्याशिवाय) माल सुटत नाही, गाडीवर जीपीएस असतं, कुठेही थांबता येत नाही. तुमच्यासारख्या अनुभवी आणि निर्व्यसनी ड्रायव्हरला तिथे मान आहे. निर्व्यसनी हे मी पत्रावरून धरलंय, खरं असेल अशी आशा आहे. चाकणची नोकरी चालू ठेवून सुट्टीत हा कोर्स करता येईल.

पुढच्या चेन्नईच्या खेपेला जाण्याआधी एक काम करा. शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या त्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहा. आयशरमधून उतरणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरबरोबर चहा घ्या. सुटायची वेळ काय होती आणि आज किती वाजता सुटला, पगार कोणत्या तारखेला झाला, उशिराचे पैसे कधी कापले का, एवढंच विचारा. दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या माणसांना विचारा. उत्तरं जुळली तर हो म्हणून टाका. पण सध्याच्या मालकाकडून राहिलेला हिशेब, अडकलेली खर्ची (वाटखर्चाचे पैसे) आणि लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या, आणि मगच चाकणला जॉइनिंगची तारीख द्या.